हरण्याचं आवतण

आमच्या हरण्याच्या मागच्या पायांत वात शिरला, तेव्हा तो तेवढ्यापुरताच शिरला आहे अशी माझी समजूत होती. पुढे तो माझ्या नोकरीत, अब्रूत आणि शेजाऱ्यांच्या डोक्यातही शिरला, आणि यांपैकी कुठूनही पुरता निघाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. गोष्टीच्या शेवटी कुत्रं बरं झालेलं ज्यांना लागतं, त्यांनी इथेच थांबावं.

हरण्या तांबूस रंगाचा, लांब पायांचा गावठी कुत्रा. ऐन उमेदीत तो परतूर स्टेशनापासून सिग्नलपर्यंत गाडीबरोबर पळायचा आणि गाडी हरली असा चेहरा करून परत यायचा, म्हणून हे नाव. आता त्याला नुसतं उठायचं म्हटलं तरी मोठं प्रकरण होतं. आधी पुढचे पाय रोवायचे, मग मागचं अंग उचलायला घ्यायचं, ते अर्ध्यावर अडलं की इकडेतिकडे बघायचं, आपल्याकडे कोणी पाहत तर नाही ना, आणि मग एक बारीक आवाज काढून उभं राहायचं. आवाज मोठा नव्हता. पण पहाटे सडा टाकायला आमचं कुटुंब, तुळजाबाई, दार उघडायची, तेव्हा पहिला तोच तिच्या कानावर पडायचा.

त्याची जागा ओट्यावर, दाराशेजारी, गोणपाटावर. त्या श्रावणात त्याला ओट्याच्या पायऱ्या चढता येईनात. उचलून घ्यावं तर कंबरेला हात लागताच किंचाळायचा. मग खाली चिखलातच पडून भिजायचा, आणि भिजला की दुसऱ्या दिवशी आणखी आखडायचा.

"अवो, इतकी वर्सं त्यानं घर राखलं आपलं," तुळजाबाई म्हणाली. "आता त्यालाच घरात चढता येऊन न्हाई राह्यलं. कायतरी करा."

मी हैदराबाद संस्थानच्या तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. काहीतरी करा असं कोणी म्हटलं की तो कागद दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायचा, एवढंच मला येतं. म्हणून मी हे दुखणं शेजारच्या सोहनलालच्या कानावर घातलं. सोहनलालची कापसाची आडत होती आणि त्याला कशाचीही फिकीर वाटत नसे, विशेषतः दुसऱ्याच्या गोष्टीची.

"रामरावजी, बिलकुल घाबरू नका," तो म्हणाला. "आमच्या मांजीचे गुडघे मेथीच्या लाडवावर चालून राह्यलेत. कुत्र्याचे का न्हाई चालणार?"

मांजी म्हणजे त्याची आई भगवतीदेवी. तिनं संध्याकाळीच मेथी, सुंठ आणि डिंकाचे लाडू डबाभर पाठवले. ते थंडीत खायचे लाडू, भर पावसाळ्यात. हरण्यानं एक हुंगला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला शरम वाटली. त्याला धीर यावा म्हणून मी त्याच्यासमोर बसून एक खाल्ला. मग त्याला आणखी धीर यावा म्हणून आणखी एक. असं करता करता डबा संपला आणि माझ्या पोटात चूल पेटली. रिकामा डबा परत गेला तो पाहून मांजीला वाटलं की गुण आला. तिनं दुप्पट लाडू पाठवले आणि खिडकीतून विचारलं, "रामराव, आराम पडला का? अन् तुम्ही पायरी उतरताना गुडघ्यावर हात ठेवता ते मी बघून राह्यले. तुम्ही भी खात जा."

माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. पायरी उतरताना हात कुठेतरी ठेवावा लागतो, तो मी तिथे ठेवत असे.

याच सुमारास माझा मेहुणा रखमाजी टेंभुर्णीहून जमिनीच्या दाव्याच्या तारखेला आला. तारीख पुढे गेली, रखमाजी गेला नाही. त्याच्या घरी दणकट बैलजोड्या होत्या आणि जगातला प्रत्येक जीव कमीजास्त प्रमाणात बैलच आहे, असं त्याचं मत होतं.

"दाजी, इळा लाल करा," तो हरण्याकडे पाहून म्हणाला. "दोन डाग इकडं, दोन तिकडं. माझा पवळ्या असाच बसल्ता. डाग दिला की ताडकन उभा राह्यला."

"आणि मग?"

"मंग काय? उभा राह्यला. दिवाळीच्या आत मेला, ते येगळं."

"दादा, इळा खाली ठेव," तुळजाबाई आतून म्हणाली, "न्हाई तर तुझ्याच गुडघ्याला लावते."

शेवटी तडजोड झाली. रुईची पानं एरंडेल लावून गरम करायची आणि पायाला बांधायची. उपाय उत्तम. अडचण एवढीच की परतुरात रुई उगवते ती रेल्वेच्या रुळाकडेला, आणि तिकडे सकाळी माणसं तांब्या घेऊन जातात. काळी टोपी, कोट आणि छत्री अशा पेहरावात सरकारी माणसानं तिथे वाकून पानं खुडावीत, हे माझ्या जिवाला मानवेना. रखमाजीला पाठवलं तर तो वाटेत ओळखीचा माणूस गाठून तिकडेच जेवला.

तेवढ्यात शनिवार आला आणि मला युक्ती सुचली. मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या पानांचे हार तयार मिळतात. मी दोन घेतले, एक देवाला घातला आणि एक छत्रीत घालून घरी आणला. माणूस एका दगडात दोन पक्षी मारतो तसं मला वाटलं. पण पानं रोज बदलायची असतात. रविवारी मी पुन्हा गेलो, सोमवारीही गेलो. शनिवारी मारुतीला हार घालणारे पुष्कळ असतात. बुधवारी घालणारा गावात मी एकटाच निघालो. पुजाऱ्यानं माझ्याकडे कणवेनं पाहून विचारलं, "रामराव, साडेसाती कितपत कडक आहे?"

कुत्र्याचे गुडघे म्हणायला जीभ रेटेना. मी नुसती मान हलवली, आणि तिथेच चूक झाली. दोन दिवसांत रामरावाला साडेसाती लागल्याचं गावभर झालं. सोहनलाल रोज माझी छत्री मागून न्यायचा, ते त्यानं बंद केलं. न्हाव्यानं माझी दाढी अर्धी करून आधी दुसऱ्याची घेतली.

इकडे हरण्याच्या दोन्ही मागच्या पायांना हिरवीगार पानं बांधलेली. शेळीला रुई फार आवडते. पलीकडच्या दुर्गाबाईची शेळी त्याच्या मागे लागली. हा एके काळी गल्लीत शेळ्यांना उभं राहू देत नसे. आता तो भिंतीला टेकून उभा राहायचा आणि ती त्याच्या पायाची पट्टी सावकाश खायची. त्यानं एकदा गुरगुरून पाहिलं. शेळीनं ते मनावर घेतलं नाही. मग त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं आणि तिचं खाऊन होईपर्यंत तसाच उभा राहिला. ते बघून मला जेवण गेलं नाही. वर दुर्गाबाईच भांडायला आली, की तुमच्या कुत्र्यापायी माझ्या शेळीचं दूध कडू झालं.

साडेसातीची बातमी कचेरीत पोचवायचं काम भुजंगनं केलं. हा माझ्या शेजारच्या टेबलावरचा अहलकार. "माणूस रोज देवाला जातो म्हणजे कायतरी केलंच असेल," असं त्यानं पेशकार साहेबांना सुचवलं. पेशकार साहेब म्हणजे आमचे वरचे अंमलदार, पांढऱ्या दाढीचे, जुन्या वळणाचे, शेरवानीचं एकही बटण कधी उघडं न सोडणारे. त्यांनी माझं सगळं दफ्तर तपासायला घेतलं. त्यात काही सापडलं नाही, त्यामुळे संशय आणखी वाढला.

पानांनी गुण येईना. मग कोणीतरी सांगितलं की जालन्याला जनावरांचा डॉक्टर आहे. त्यासाठी रजा हवी आणि रजेला कारण हवं. मी पेशकार साहेबांपुढे उभा राहिलो, तेव्हा माझ्याच दफ्तराचा ढीग त्यांच्यासमोर होता.

"रुखसत? किसलिए?"

कुत्र्यासाठी म्हटलं असतं तर भुजंग खुर्चीवरून पडला असता. मी म्हटलं, "हुजूर, घर में एक बुजुर्ग हैं. घुटनों का दर्द है. जालना ले जाना है."

हे अगदीच खोटं नव्हतं. कुत्र्याच्या हिशेबात हरण्या आमच्या घरातला सर्वांत वडील होता. साहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. "बुजुर्ग हैं, तो रोज मंदिर जा रहे थे," ते स्वतःशीच म्हणाले, आणि रजा तिथल्या तिथे मिळाली. आयुष्यात माझं काम इतकं जल्दी कधीच झालं नव्हतं, आणि त्याच वेळी मला भीती वाटायला हवी होती.

गाडीत कुत्र्याची जागा गार्डाच्या डब्यात. हरण्याला जुन्या लुगड्याच्या झोळीत घालून मी आणि हमाल चढवू लागलो. ज्या गाडीला तो रोज हरवायचा, तिच्यात त्याला झोळीतून चढवताना फलाटावरची माणसं हसत होती. मी त्याच्याजवळ कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून बसलो. गाडी सुटली. सिग्नल आला तेव्हा हरण्यानं मान उचलून दाराबाहेर पाहिलं, आणि सिग्नल मागे पडेपर्यंत पाहत राहिला. मला रडू आलं. डोळ्यात कोळसा गेला का, असं गार्डानं विचारलं. मी हो म्हटलं.

जालन्याच्या स्टेशनावर एकही टांगेवाला कुत्रं घेईना. शेवटी जुन्या जालन्याला धान्याची पोती नेणाऱ्या एका छकड्यात पोत्यांवर बसून आम्ही दोघे गेलो. दवाखान्याच्या अंगणात बैल, म्हशी आणि एक लंगडं तट्टू होतं. त्यांच्यात माझा नंबर सगळ्यात शेवटी लागला. एका शेतकऱ्यानं माझ्या कोटाकडे आणि मग हरण्याकडे पाहून विचारलं, "सायबाचं कुत्रं हाय का, पाटील?" हुद्देदार साहेबाचं कुत्रं फिरवणारा नोकर समजला मला तो. मी हो म्हणून गेलो. त्या दिवशी मी फार ठिकाणी हो म्हणालो.

डॉक्टर शांत माणूस होता. त्यानं हरण्याची कंबर बोटांनी चाचपली, पाय हलके वाकवून पाहिले आणि रुईची पट्टी सोडून फेकून दिली. "हे तो चाटतो. याचा चीक पोटात गेला तर दुसरं दुखणं कशाला हवं?" तो म्हणाला. "सांधे झिजलेत. वय झालं. दुखणं कमी होईल, जाणार नाही. अंग कोरडं ठेवा, गरम पाण्यानं शेका, हलक्या हातानं चोळा, थोडं चालवा. अंग जड होऊ देऊ नका. आणि पायऱ्या बंद."

"पण डॉक्टरसाहेब, त्याला ओट्यावर चढता यावं म्हणून तर मी आलो."

"ओट्यावर यायचा हट्ट त्याचा आहे की तुमचा?"

परतीच्या गाडीत मी या प्रश्नाचा विचार केला. उत्तर आलं नाही, परतूर आलं.

आता खालीच त्याची सोय करायची ठरली. ओट्याला लावून पत्रा तिरका बसवला. सोहनलालनं साडेसातीची भीती बाजूला ठेवून आडतीतला कापूस दिला, तो गोणपाटात भरून तुळजाबाईनं गादी शिवली. हरण्या तिच्यावर निजायचा. पण सकाळी उठला की पायऱ्यांपाशी जाऊन ओट्याकडे बघत उभा राहायचा, मी कचेरीत जाईपर्यंत.

आणि एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी शेरवानी दिसली. पेशकार साहेब हातात बाटली घेऊन माझ्या बुजुर्गांना भेटायला येत होते.

संकटात माझं डोकं फार वेगानं आणि नेहमी चुकीच्या दिशेनं चालतं. मी रखमाजीला धरून आतल्या बाजेवर आडवं केलं, त्याच्या अंगावर गोधडी टाकली आणि म्हटलं, "कण्हा!"

"का?"

"गुडघे दुखतायत तुमचे."

"माझे? दाजी, मी आत्ताच—"

साहेब आत आले. रखमाजी कण्हू लागला. त्याला दुखणं माहीत नव्हतं, म्हणून तो बाळंतिणीसारखा कण्हला. साहेब बाजेजवळ बसले आणि अदबीनं म्हणाले, "चचा, कहाँ तकलीफ है?" रखमाजीला हिंदुस्थानी तेवढीच येत होती जेवढी कोर्टात कानावर पडली होती. तो म्हणाला, "हुजूर, तारीख."

साहेब विचारात पडले. तेवढ्यात बाहेर हरण्या उठला. नवा माणूस आला की उठायचं, ही त्याची जुनी चाल. तो बारीक आवाज सगळ्यांना ऐकू आला. साहेबांनी दाराकडे मान वळवली.

दाराआडून तुळजाबाई बोलली. साहेबांशी ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती. "सायब, दुखणं त्याचं हाय. ह्यो माझा भाऊ. ह्याला काई झालं न्हाई, सकाळपासून टोपलंभर भाकरी खाल्ल्यात ह्यानं. आमच्या कुत्र्यापायी रजा घेतल्ती यांनी."

रखमाजीनं गोधडी डोक्यावर ओढून घेतली. साहेब उठले, ओट्यावर गेले आणि शेरवानी सावरून जरा अंतरावर उभे राहिले. हरण्या अजून पुरता उठला नव्हता. पुढचे पाय रोवून, मागचे अर्ध्यावर ठेवून तो इकडेतिकडे बघत होता.

"हमारे वालिद भी ऐसे ही उठते थे," साहेब आपल्या वडिलांविषयी म्हणाले. "पहले देख लेते थे, कोई देख तो नहीं रहा. हम लोग किताब उठा लेते थे."

त्यांनी बाटली ओट्याच्या कडेला ठेवली. ते हैदराबादचं तेल होतं, सांध्यांना चोळायचं. पायऱ्या उतरून गेल्यावर ते एकदाच मागे वळले. "रामराव, रुखसत नामंजूर होगी. कुत्ते के लिए क़ायदा नहीं है." आणि खरोखरच ती घेतलेली रजा मागाहून नामंजूर झाली.

त्या तेलानं हरण्याला बरं वाटलं. म्हणजे सकाळचा आवाज थांबला नाही, पण उशिरा येऊ लागला. तुळजाबाई शेक द्यायची, मी तेल लावायचो. माझ्याही गुडघ्याला थोडं लावावं असं एकदा मनात आलं. तुळजाबाईनं बाटली उचलून आत नेली. "ते त्याचं हाय," ती म्हणाली.

पोळा जवळ आला तसा रखमाजी टेंभुर्णीला परत गेला, बैलांची खांदमळणी चुकू नये म्हणून. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, लोणी-हळद लावून मळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. आमच्या परतूरच्या घरी बैल मातीचे. त्यांना जू नाही आणि खांदा दुखत नाही. तरी शेतकऱ्याची लेक असल्यामुळे तुळजाबाई दरसाल वाटीभर लोणी-हळद कालवायची, मातीच्या बैलांना बोट लावायची आणि उरलेलं वाटीत वाळून जायचं.

त्या साली ती वाटी घेऊन पायऱ्या उतरली. चिखलात पदर खोचून बसली आणि हरण्याची कंबर, मांड्या, गुडघे असं सगळं सावकाश मळत राहिली. तो डोळे मिटून उभा होता. मळून झाल्यावर तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बैलांना म्हणतात तेच म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या."

"बाई, कुत्र्याला पोळ्याचं आवतण?" सोहनलाल आपल्या दारातून म्हणाला.

"राबला न्हाई का त्यो?" तुळजाबाई म्हणाली.

पोळ्याच्या दिवशी ओट्यावर पाट मांडला, पुरणपोळीचं ताट ठेवलं. खाली नेऊन द्यावं असं ठरलं होतं. मी ताट उचलायला वाकलो, तर हरण्या पत्र्याखालून निघून पायऱ्यांपाशी आलेला. त्यानं एक पुढचा पाय पहिल्या पायरीवर ठेवला, मग दुसरा. मागचं अंग उचललं आणि ते अडलं. तो बारीक आवाज झाला. मग त्यानं मान वळवून गल्लीकडे पाहिलं.

सणाचा दिवस, गल्ली भरलेली. इतके दिवस आमच्या घरातलं पान हललं तरी ज्यांना दिसायचं, ते सगळे तिथे होते. सोहनलालनं आभाळाकडे पाहिलं आणि पाऊस येईल का असं कोणालाच न विचारता विचारलं. भगवतीदेवीनं खिडकी लावून घेतली. दुर्गाबाई शेळीचं दावं सोडवायला वळली, ते दावं बांधलेलंच नव्हतं. गल्लीत एकही माणूस हरण्याकडे बघत नव्हता.

तो खूप वेळ तसाच उभा राहिला आणि मग पाय पायरीवरून खाली घेतले. यायचा हट्ट त्याचाही होता, एवढं मला त्या दिवशी कळलं. मी त्याचं ताट एका हातात आणि माझं दुसऱ्या हातात घेऊन उतरलो, धोतर सावरून चिखलात बसलो आणि आम्ही दोघे जेवलो. तुळजाबाई पायरीवर बसून वाढत होती. हरण्यानं पोळी अर्धीच खाल्ली, पण ताटावरून उठला नाही. मी जेवेपर्यंत बसून राहिला.

दसऱ्याच्या आत तो गेला. कापसाच्या गादीवर, सकाळी, आवाज न करता. तुळजाबाई सडा टाकायला आली आणि आवाज आला नाही, म्हणून तिला कळलं.

पुढच्या पोळ्याला आदल्या दिवशी तिनं वाटीत लोणी-हळद कालवली. मातीच्या बैलांना बोट लावलं. मग वाटी हातात घेऊन ती ओट्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, खाली पत्र्याकडे बघत. मी कचेरीतून येत होतो. शेवटच्या पायरीवर मी गुडघ्यावर हात ठेवला, तो तिनं पाहिला. तिनं मला पाटावर बसवलं, धोतर वर सारलं आणि दोन्ही गुडघे मळायला घेतले. रडत होती, पण हात थांबला नाही.

"आवतण घ्या," ती म्हणाली. "उद्या जेवाया या."

मी उठायला गेलो. अर्ध्यावर अडलो, आणि आधी इकडेतिकडे पाहून घेतलं. सोहनलाल आभाळाकडे बघत होता.